पॉवर वीडर चालवायला शिकताना

वाई तालुक्यातल्या आमच्या गावात भाजीपाल्याची खुरपणी वेळेवर करून घेणे हे आता सर्वांत अवघड काम झाले आहे. पावसाळ्यात सगळ्यांच्या शेतात एकाच वेळी तण माजते, मजूर बायकांना जिथून आधी बोलावणे येते तिथे त्या जातात, आणि बैलजोडी तर आमच्या भावकीत आता एकाकडेही उरलेली नाही. वांगी आणि टोमॅटोच्या दोन ओळींमधली जागा ट्रॅक्टरला पुरत नाही, आणि सबंध शेत हातकोळप्याने काढायचे तर माणूस थकून जातो. या अडचणीमुळे आम्ही पेट्रोलवर चालणारा सात अश्वशक्तीचा पॉवर वीडर, म्हणजे मागून हँडल धरून ओळींमधले तण काढायचे छोटे यंत्र, घ्यायचे ठरवले. माझे पती नोकरीनिमित्त पुण्यात असतात आणि शेताचे रोजचे काम मीच पाहते, त्यामुळे हे यंत्र चालवायला शिकायचे ते मीच, हेही तेव्हाच ठरले. त्या शिकण्याविषयी सविस्तर लिहावे असे मला मनापासून वाटते, कारण यंत्राची किंमत, पेट्रोलचा खर्च आणि अनुदान यांवर गावोगावी भरपूर बोलले जाते, परंतु ते अंगाला इजा न होता कसे चालवायचे याबद्दल विकणारा फारसे सांगत नाही आणि घेणाराही विचारत नाही.

आम्ही कृषी यांत्रिकीकरण उप-अभियानाखाली महाडीबीटी पोर्टलवर अर्ज केला होता. या योजनेत महिला, अनुसूचित जाती-जमातीचे आणि अल्प व अत्यल्प भूधारक शेतकरी यांना ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंत 50 टक्के, तर इतरांना 40 टक्के अनुदान मिळते, आणि त्यासाठी यंत्राचा मान्यताप्राप्त केंद्राने दिलेला चाचणी अहवाल लागतो. अर्जाला जोडायचा एक कागद यापलीकडे या अहवालाकडे कोणी पाहत नाही. मी तो दुकानातून मागून घेतला आणि कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या मुलीने तो मला समजावून सांगितला. त्यात यंत्राचे वजन, रोटरचा म्हणजे पाती बसवलेल्या फिरत्या दांड्याचा वेग, पात्यांची मापे, आवाज आणि मुठीला जाणवणारे हादरे यांची मोजमापे दिलेली असतात. घेण्याआधी हा अहवाल वाचला तर आपण कोणत्या ताकदीशी व्यवहार करणार आहोत, हे निदान आकड्यांत तरी कळते.

त्यांतला एक आकडा माझ्या डोक्यात पक्का बसला. आमच्या वीडरचा रोटर मिनिटाला साधारण 120 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला दोन. प्रत्येक चकतीवर चार पाती आहेत. याचा अर्थ जमिनीच्या कोणत्याही एका ठिकाणावर सेकंदाला आठ घाव बसतात. धोका दिसल्यापासून माणसाचा हात प्रत्यक्ष हलेपर्यंत अर्ध्या ते पाऊण सेकंदाचा वेळ सहज जातो. तेवढ्या वेळात चार ते सहा पाती तिथून फिरून गेलेली असतात. म्हणून "मी लक्ष ठेवून चालवीन, पाय जवळ गेला तर पटकन मागे घेईन" या विचाराला काहीही आधार नाही. पायावर पाते बसेल अशी वेळच येऊ नये यासाठी जे करायचे ते इंजिन सुरू होण्यापूर्वीच करावे लागते, आणि त्यातूनही काही घडले तर यंत्राने आपल्या हाताची वाट न पाहता आपोआप थांबायला हवे.

यंत्र आपोआप थांबते ते मुठीखालच्या क्लचमुळे. बहुतेक वीडरला हँडलच्या मुठीखाली एक लिव्हर असते. ती मुठीबरोबर दाबून धरली तरच इंजिनाची ताकद रोटरपर्यंत पोचते, आणि हात सुटला की इंजिन चालू राहिले तरी पाती थांबतात. माणूस ठेचकाळला, घसरला, चक्कर येऊन पडला, आणि हात सुटला, की त्याच क्षणी पाती थांबतात. मी दुकानात यंत्र पाहायला गेले तेव्हा ते चाकांवर उभे करून, रोटर जमिनीपासून वर ठेवून सुरू करायला लावले आणि लिव्हर सोडल्यावर पाती पूर्ण थांबतात की हळूहळू फिरतच राहतात, हे पाहिले. एका यंत्राची पाती लिव्हर सोडल्यावरही सावकाश फिरत होती. क्लचची तार गरजेपेक्षा जास्त ताणलेली असली की असे होते. ते यंत्र मी बाजूला ठेवायला सांगितले.

यंत्र घरी पोचवायला आलेल्या मेकॅनिकने मात्र मला वेगळाच सल्ला दिला. "ताई, दिवसभर ही लिव्हर दाबून बोटे दुखतात. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून टाका, सगळे तसेच करतात," असे तो अगदी आपुलकीने म्हणाला. सगळे तसेच करतात हे खरे आहे. आमच्या शिवारातल्या अनेक वीडरच्या मुठींवर मी रबराची पट्टी किंवा सुतळी पाहिली आहे, आणि लिव्हर बांधलेल्या यंत्रामुळे एका तरुणाच्या घोट्याला झालेली जखमही पाहिली आहे. शेताच्या कडेला वळताना त्याचा पाय ढेकळावरून निसटला, हात सुटले, पण बांधलेली लिव्हर सुटली नाही. मी मेकॅनिकला तेवढेच सांगितले की बोटे दुखली तर मी थांबेन, पण पट्टी बांधणार नाही. तेव्हापासून आजपर्यंत आमच्या यंत्राची लिव्हर मोकळीच आहे, आणि दुखरी बोटे ही थांबण्याची वेळ झाल्याची खूण मी मानते.

पहिल्या दिवशी यंत्र सुरू करण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. दिरांचा धाकटा मुलगा दोरीला हात घालून उभाच होता. पण फोर-स्ट्रोक इंजिनाची नवी यंत्रे सहसा ऑइलशिवायच खोक्यात येतात आणि तशीच सुरू केली तर इंजिन आतून खराब होते, हे मुलीने पुस्तिकेतून आधीच वाचून काढले होते. आमच्या यंत्रात तीन ठिकाणी ऑइल पाहावे लागते. इंजिनात साधारण 600 मिलिलिटर, गिअरबॉक्समध्ये त्याचे वेगळे जाड ऑइल, आणि एअर फिल्टरच्या तळाशी असलेल्या वाटीत थोडे. तिसरे बहुतेकांच्या लक्षातच राहत नाही, आणि मग आमच्याकडची उन्हाळ्यातली बारीक धूळ सरळ इंजिनात जाते. इंजिनातल्या ऑइलची पातळी यंत्र सपाट फरशीवर उभे करून पाहिली, कारण उतारावर पाहिलेली पातळी फसवी असते. पुस्तिकेतल्या सगळ्या सूचना मुलीने मराठीत वहीत उतरवल्या आणि ती वही आजही यंत्राच्या खोलीत खिळ्याला टांगलेली आहे.

पेट्रोलच्या बाबतीत मी जास्तच काटेकोर आहे, आणि तसे असावे असे माझे मत आहे. डिझेल आणि पेट्रोल यांतला फरक गावात फार कमी लोक मनावर घेतात. पेट्रोलची पेट घेणारी वाफ उणे 40 अंश सेल्सिअसच्या थंडीतही तयार होत असते, मग आपल्या एप्रिल-मे महिन्यांची गोष्टच वेगळी. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरत जाते आणि चार हातांवरची चूल, बिडी किंवा मोटारीच्या पेटीतली ठिणगी तिला पुरते. पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या प्लॅस्टिक बाटलीतून पेट्रोल आणणे आम्ही पूर्ण बंद केले. लहान मुले तहानेने त्या बाटलीला तोंड लावू शकतात, हे कारणही काही लहान नाही. पेट्रोलियम कायदा, 1934 याप्रमाणे विक्रीसाठी नसलेले 30 लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय बाळगता येते, पण ते घट्ट झाकणाच्या भांड्यात असावे लागते आणि धातूचे भांडे 25 लिटरपेक्षा मोठे चालत नाही. आम्हाला एवढी गरजच नसते. पाच लिटरचा पत्र्याचा डबा, त्यावर लाल रंगात ठळक लिहिलेले "पेट्रोल", आणि तो ठेवायला स्वयंपाकघरापासून दूर, वारा खेळता राहील अशी पडवीची कोपऱ्यातली जागा, एवढी व्यवस्था पुरली.

टाकी भरताना इंजिन बंद आणि गार असले पाहिजे. सायलेन्सरला हात जवळ नेल्यावर धग लागत नाही, इतका वेळ मी थांबते. काम भराला आलेले असताना हे थांबणे फार जड जाते, म्हणूनच सकाळी सुरुवात करतानाच टाकी भरून घ्यायची आणि ती संपली की तेवढ्या वेळात चहा-भाकरी करायची अशी सवय लावून घेतली. टाकी काठोकाठ भरत नाही, कारण उष्णतेने पेट्रोल फुगते. भरताना सांडले तर पुसून, ते वाळू देऊन, यंत्र त्या जागेपासून किमान तीन मीटर दूर नेऊनच सुरू करते.

आता कपड्यांविषयी. हे मला बायकांसाठी विशेष करून लिहायचे आहे, कारण यंत्रांच्या पुस्तिकांमध्ये सैल कपडे घालू नयेत एवढेच एक वाक्य असते. साडीचा काष्टा घट्ट मारला तरी पदर आणि निऱ्यांचा भाग वाकताना सुटतो, आणि ओढणी तर खांद्यावरून कधी घसरते ते कळतही नाही. कापडाचे टोक रोटरला लागले की ते एका फेऱ्यात गुंडाळले जाते आणि माणूस त्याबरोबर ओढला जातो. मी पतींची जुनी पँट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट वापरते, शर्ट आत खोचलेला, बाह्यांची बटणे लावलेली. वेणीचा अंबाडा करून त्यावर टोपी. मंगळसूत्र शर्टच्या आत, गळ्यालगत. बांगड्या उतरवून ठेवायचे मी सांगितले तेव्हा सासूबाईंचा चेहरा उतरला. सवाष्णीने मोकळ्या हातांनी शेतात जाणे त्यांच्या मनाला पटत नव्हते. मी त्यांना यंत्राजवळ नेले आणि हँडल हादरताना मनगट कुठे असते, काच फुटली तर ती कुठे रुतेल, हे दाखवले. दुसऱ्या दिवसापासून बांगड्या ठेवायला त्यांनीच एक डबा दिला, आणि घरी आल्यावर त्या हातात चढल्या की नाही हेही त्याच पाहतात.

पायांत चप्पल किंवा अनवाणी पाय ही गोष्ट मी माझ्याही बाबतीत आणि दुसऱ्या कोणाच्याही बाबतीत चालू देत नाही. पुढच्या बाजूला लोखंडी टोपी असलेले बूट तालुक्याच्या बाजारात सहज मिळतात. पूर्ण पाते बसले तर बूट सगळे वाचवील असे नाही, पण उडून आलेला दगड, घसरलेले यंत्र आणि गरम सायलेन्सर यांपासून तो नक्कीच वाचवतो. डोळ्यांना साधा पारदर्शक चष्मा आणि कानांत बोळे. आवाजाबद्दल आपण फारच बेफिकीर असतो. दिवसाचे आठ तास 85 डेसिबलच्या वर आवाज कानांवर पडत राहिला तर ऐकू येणे कायमचे कमी होऊ शकते, आणि पेट्रोल वीडरच्या मुठीजवळ उभ्या माणसाच्या कानांशी होणारा आवाज त्या मर्यादेच्या आसपास किंवा वर असतो.

यानंतर शेताची पाहणी. माझ्या मते अर्धी सुरक्षितता या एका कामात आहे, आणि नेमके हेच सर्वांत जास्त टाळले जाते. मी प्रत्येक ओळ हातात टोपली घेऊन चालते. मुठीएवढे दगड, टोमॅटोच्या मांडवाच्या तुटलेल्या तारा, बांबूचे खुंट, सुतळ्या, मल्चिंग पेपरच्या जुन्या चिंध्या हे सगळे टोपलीत. ठिबकच्या नळ्या उचलून रोपांच्या बुंध्याकडे सरकवते आणि त्या वाऱ्याने परत ओळीत येऊ नयेत म्हणून तारेच्या आकड्यांनी अडकवते. व्हॉल्व्ह, जमिनीत फार खोल न पुरलेला पाइप आणि मोटारीची केबल जाते ती रेषा यांवर चुन्याची फक्की टाकते. पात्यात सापडलेली तार फिरत्या रोटरबरोबर बाहेर फटकारते आणि पायाची पोटरी चिरू शकते. दगड उडतो तो तर कोणत्या दिशेने जाईल याचा नेम नसतो, म्हणून यंत्र चालू असताना दहा मीटरच्या आत कोणीही यायचे नाही असा नियम केला आहे. मागून तण वेचायला येणाऱ्या बायका आधी यंत्राच्या मागोमाग चालायच्या. आता मी एक पट्टा पूर्ण करून बाजूच्या पट्ट्यात गेले की मगच त्या पहिल्या पट्ट्यात शिरतात. कोणाला माझ्याशी बोलायचे असेल तर समोरून, मला दिसेल अशा जागी येऊन हात वर करायचा. कानांत बोळे असल्याने मागून मारलेली हाक मला ऐकू येत नाही, आणि मागून खांद्यावर हात ठेवला तर दचकून यंत्राचा तोल जातो.

जमिनीला वाफसा असल्याशिवाय यंत्र उतरवायचे नाही. आमची काळी जमीन ओली असताना पात्यांना चिकटून रोटरचा गोळा होतो आणि पाय घसरतात. पूर्ण वाळलेली असेल तर पाती आत शिरत नाहीत, जमिनीवर आपटतात, आणि यंत्र उडी मारून पुढे धावते. मूठभर माती दाबून तिचा लाडू वळतो आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडला की फुटतो, तेव्हा वाफसा योग्य समजायचा, हे सासऱ्यांनी शिकवलेले गणित या यंत्रालाही तंतोतंत लागू पडते.

प्रत्यक्ष चालवणे मी पडीक तुकड्यात शिकले, पिकात नाही. आधी रोटर न फिरवता केवळ चाकांवर यंत्र पुढे-मागे नेणे, मुठीवरच्या प्रत्येक लिव्हरचा सराव डोळे न वळवता होईपर्यंत करणे, बंद करण्याचा खटका अंगठ्याने चाचपडून सापडतो का पाहणे. हँडलची उंची माझ्या कमरेच्या थोडी वर बसवली. ती पतींच्या उंचीला बसवलेली राहिली असती तर माझे खांदे वर ओढले गेले असते आणि यंत्र आवरायला जोर उरला नसता. सुरू करताना गिअर न्यूट्रलमध्ये आहे ना हे पाहून, दोरी आधी सावकाश ओढून अटकाव जाणवेपर्यंत आणायची आणि मग एका दमात ओढायची. दोरीची मूठ सोडून न देता हातानेच परत आत जाऊ द्यायची. बोटांभोवती दोरी गुंडाळणे अजिबात नको, कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर बोटच अडकते.

चालवताना सगळ्यांत महत्त्वाचा ठरला तो मागे असलेला खोली ठरवणारा दांडा. नवीन माणूस हँडल दाबून पाती खोल घालू पाहतो, आणि त्यानेच यंत्र बिथरते. दांडा आधी उथळ बसवून दोन इंचांची पहिली फेरी घेतली, माती मोकळी झाल्यावर गरज असेल तिथे दुसरी फेरी थोडी खोल घेतली, की यंत्र स्वतःहून माणसाच्या चालीने सरकते. टोमॅटोची बारीक मुळे वरच्याच थरात असतात, त्यामुळे उथळ चालवणे पिकालाही मानवते. पाय हँडलच्या मागे, दोन्ही बाजूंना थोडे फाकलेले, आणि शरीर यंत्राच्या रेषेत किंचित मागे. दगड लागून यंत्राने पुढे उडी घेतली तर त्याच्याशी ओढाताण करायची नाही. सत्तर किलोंच्या आसपासचे ते धूड, त्याला ओढून धरण्यापेक्षा लिव्हर सोडणे हे हजारदा बरे. मी हे पडीक तुकड्यात मुद्दाम पुन्हा पुन्हा केले, चालता चालता मध्येच हात उघडायचे, जेणेकरून घाबरल्यावर मूठ आवळण्याऐवजी हात आपोआप उघडावेत. घाबरलेला माणूस हातातली वस्तू घट्ट धरतो, आणि इथे नेमके त्याच्या उलट करावे लागते. पुस्तिकेत हे कुठेही नाही, पण माझ्या मते प्रत्येकाने आधी शिकायला हवे ते हेच.

ओळीच्या टोकाशी वळणे आणि मागे घेणे या दोन वेळा सर्वांत धोक्याच्या. वळताना वेग कमी करून, लिव्हर सोडून, पाती थांबल्यावरच हँडल उचलून यंत्र फिरवते. रिव्हर्समध्ये माणूस यंत्राच्या आणि मागच्या बांधाच्या किंवा झाडाच्या मध्ये सापडतो, म्हणून आधी मागे वळून पाहायचे, रोटर बंद ठेवायचा आणि एका वेळी पाऊल-दोन पावलेच घ्यायची. विहिरीच्या काठाजवळ, बांधाच्या उतारावर आणि आंब्याच्या वर आलेल्या मुळ्यांपाशी मी यंत्र नेतच नाही. तेवढी जागा खुरप्याने काढते, आणि त्याला जो वेळ लागतो तो लागू देते.

हराळी आणि लव्हाळा यांच्यामुळे काम थांबते ते वेगळ्याच कारणाने. हराळीचे लांब धागे रोटरच्या दांड्यावर दोरासारखे आवळून बसतात आणि यंत्र धापा टाकू लागते. अशा वेळी इंजिन चालू ठेवून, केवळ लिव्हर सोडून, हाताने गवत ओढणारे लोक मी पाहिले आहेत. माझी पद्धत ठरलेली आहे. इंजिन बंद, पाती पूर्ण थांबेपर्यंत वाट, स्पार्क प्लगची टोपी काढून तारेसकट बाजूला, हातांत जाड मोजे, आणि मग विळ्याने गवत कापून काढणे. प्लगची टोपी काढण्याचे कारण असे की क्लच पूर्ण सुटलेला नसेल तर गुंता सोडवताना हाताने फिरवलेला रोटर इंजिनालाही फिरवू शकतो, आणि गरम इंजिन त्या एका फेऱ्यावर सुरू होऊ शकते. शिवाय या दोन तणांचे तुकडे झाले की प्रत्येक तुकडा नव्याने फुटतो. त्यामुळे जिथे त्यांचे दाट बेट आहे तिथे वीडर चालवणे शेतीच्या दृष्टीनेही तोट्याचे आहे, हे मी आता अनुभवाने सांगू शकते.

हादऱ्यांचा परिणाम लगेच दिसत नाही म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. सलग चालवले की बोटांत मुंग्या येतात आणि रात्री मूठ नीट वळत नाही. असे महिनोन्‌महिने होत राहिले तर बोटांतल्या रक्तवाहिन्या आणि नसा कायमच्या बिघडू शकतात, थंडीत बोटे पांढरी पडतात. युरोपातल्या नियमांत हातांना पोचणाऱ्या हादऱ्यांची आठ तासांच्या कामाची सरासरी सेकंद वर्गाला 2.5 मीटरपर्यंत गेली की मालकाने उपाय सुरू करायचे आणि 5 मीटरच्या वर जाऊच द्यायची नाही, अशी मर्यादा आहे. आपल्याकडे स्वतःच्या शेतात राबणाऱ्याला असे कोणी मोजून देत नाही. मी अर्ध्या तासाने इंजिन बंद करते, हात झटकते, पाणी पिते, आणि ऊन चढायच्या आत काम आटोपते. दमलेल्या माणसाने हे यंत्र धरूच नये.

इतके सगळे करूनही अपघात होऊ शकतो हे गृहीत धरून खिशात रोटरच्या खिळीला बसणारा पाना आणि पक्कड ठेवते. पाय पात्यांत अडकला तर यंत्र रिव्हर्समध्ये टाकून सोडवू नये, त्याने जखम दुप्पट होते. इंजिन बंद करून, दांड्यावरची खीळ काढून रोटरच बाजूला सरकवायचा. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचे, 108 ला फोन करायचा, आणि शेतातल्या मातीची जखम कितीही लहान वाटली तरी धनुर्वाताचे इंजेक्शन डॉक्टरांना विचारून घ्यायचेच. मी एकटी शेतात असताना यंत्र सुरू करत नाही. हाकेच्या अंतरावर कोणीतरी मोठे माणूस असते, आणि खटका कुठे आहे हे त्या माणसाला आधी दाखवलेले असते.

काम संपल्यावर गार झालेले यंत्र धुऊन पुसून ठेवताना पात्यांचे नट-बोल्ट पान्याने एकदा फिरवून पाहते. हंगाम संपल्यावर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटरमधले (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागातले) पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू देते. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतली ओल ओढून घेते, आणि महिनोन्‌महिने साठून राहिले तर आतले भाग गंजतात आणि पेट्रोल जाण्याची बारीक छिद्रे तुंबतात. हे चालवणे अंगणातच करायचे, खोलीत नाही. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि बंद खोलीत तो माणसाला शुद्ध हरपेपर्यंत कळू देत नाही.

आमच्या महिला बचत गटाने आता असाच एक वीडर घेऊन सभासदांना भाड्याने द्यायचे ठरवले आहे आणि त्याची माहिती मला विचारली आहे. मी गटापुढे मांडलेल्या अटी थोड्याच आहेत. पडीक जमिनीत सराव केल्याशिवाय कोणालाही यंत्र न्यायला मिळू नये, बुटांचा आणि चष्म्याचा जोड यंत्राबरोबरच द्यावा, अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती ते जाऊ नये, आणि परत आलेल्या यंत्राची लिव्हर बांधलेली आढळली तर त्या घरी ते पुन्हा जाऊ नये. क्लचची तार आतून गंजली किंवा तिचे धागे तुटले की लिव्हर सोडल्यावरही ती पूर्ण मागे येत नाही, म्हणून ही तार दर हंगामापूर्वी बदलायची आणि तिचा खर्च भाड्यातूनच बाजूला काढायचा, यावर गटाचे एकमत झाले आहे. लिव्हर बांधणाऱ्या घरी यंत्र पुन्हा न देण्याच्या अटीवर मात्र अजून चर्चा चालू आहे.